तलंग अंड्यावर येते तेव्हा

पहाटे पावणेसहा

खुराड्याचं दार उघडण्याआधी मी बॅटरी घेऊन वाकते आणि कोंबड्या बसतात त्या दांड्यांखालची जागा बघते. खोप्यात मिळालेलं अंडं कोंबडीने जागा शोधून, बसून घातलेलं असतं. दांड्याखाली शिटीत पडलेलं अंडं मात्र रात्री बसल्या जागेवरून सुटलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा मऊ असतं. फाल्गुनात ही तपासणी चुकवून चालत नाही. गणपतीच्या सुमाराला निघालेली पिल्लं आता साडेपाच-सहा महिन्यांच्या तलंगा झाल्या आहेत. संक्रांतीच्या आधीपासूनच दिवस मोठा होत चालला आहे, आणि वाढत्या उजेडामुळेही त्या अंड्यावर येतात.

आज एक सापडलं. कवच नाही, नुसता पांढुरका पडदा. उचललं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं हलतं, आणि बॅटरीपुढे धरलं की आतला बलक इकडून तिकडे सरकताना दिसतो. मी ते लगेच उचलून माडाच्या मुळाशी पुरते. आधी दार उघडलं तर बाकीच्या कोंबड्या तुटून पडतात. एकदा त्यांना ही चव कळली की चांगली अंडीही टोचून खायची खोड लागते, आणि ती खोड मोडणं फार अवघड असतं. म्हणून चहा नंतर, हे काम आधी.

घातलं कोणी, तेही ओळखता येतं. रात्री दांड्यावर कोण कुठे बसणार हे कोंबड्यांत ठरलेलं असतं, आणि ही जागा तांबडीची. चार दिवसांपूर्वी तिचा तुरा लाल व्हायला लागला. पाठीला हात लावला की पंख पसरून दबून बसते. म्हणजे तिची सुरुवात झाली.

साडेसहा

पाणी बदलणं, भांडी घासणं, खाद्य घालणं. तलंगांचं वाढीचं खाद्य आता बंद करून अंड्यावरचं खाद्य सुरू केलं आहे. वाढीच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं, तर अंड्यावरच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के. हे जास्तीचं कॅल्शियम लहान पिल्लांना देऊ नये, त्यांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. माझ्याकडे दोन्ही वयांची पाखरं असल्यामुळे पिल्लांना डालग्याखाली वेगळं खायला घालते. थोडा त्रास होतो, पण दोघांना एकाच भांड्यात घालणं मला पटत नाही.

साडेसात ते साडेनऊ

घालण्याची वेळ. कोंबडीच्या पोटात एक अंडं पूर्ण व्हायला २४ ते २६ तास लागतात. बलक सुटला की त्याच्याभोवती पांढरा जमायला सुमारे तीन तास, दोन पातळ पडदे चढायला सव्वा तास, आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ, वीसेक तास, फक्त कवचाला. आज आठला घातलेल्या कोंबडीचा पुढचा बलक अर्ध्या तासात सुटतो. म्हणून उद्याचं अंडं नऊला, परवाचं त्याहून उशिरा, असं पुढे सरकत जातं. दुपारी तीननंतर बलक सहसा सुटतच नाही, मग एक दिवस खाडा पडतो आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात होते.

जुन्या कोंबडीचं हे घड्याळ बसलेलं असतं, तलंगेचं बसायचं असतं. हे एवढं कळलं की या दिवसांतली बहुतेक वेडीवाकडी अंडी कळतात. कधी दोन बलक एकदमच सुटतात आणि भलंमोठं दोन बलकांचं अंडं येतं. कधी दुसरा बलक लवकर सुटून पहिल्याच्या मागे लागतो. कवच घालणाऱ्या पिशवीत दोन अंडी एकमेकांना चिकटून राहतात, आणि त्यातलं एक एका बाजूने चपटं होऊन येतं. पहिलं नीट आणि त्याच दिवशी मागून दुसरं मऊ, असंही होतं. दुसऱ्याला पिशवीत पुरेसा वेळच मिळालेला नसतो. कधी बलक नसतोच. एखादा कण अंड्याच्या नळीत शिरला तरी शरीर त्यालाच बलक समजून त्याभोवती पांढरा आणि कवच चढवतं, आणि सुपारीएवढं अंडं बाहेर येतं.

आज खोप्यांत एक लांबट, एक टोकाला दाणेदार, आणि एक मधोमध उंचवटा असलेलं मिळालं. तो उंचवटा मला फार बोलका वाटतो. अंडं आत असतानाच तडकलं आणि शरीराने त्या तड्यावर पुन्हा चुना चढवून ते सांधलं. रात्री दांड्यावर ढकलाढकली झाली किंवा कोंबडी घाबरून उडाली की असं होतं.

कबरी आज कोपऱ्यात शेपूट खाली पाडून उभी होती. मधूनच कळ द्यायची, पण खोप्यात जात नव्हती. मऊ अंडं पुढे सरकायला जास्त त्रास देतं, कारण स्नायूंना दाबायला टणक काही मिळत नाही. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला पोटापर्यंत वीस मिनिटं बसवलं, मग पुसून अंधाऱ्या खोलीत गवतावर ठेवलं. पोट दाबलं नाही. दाबलं तर आतल्या आत फुटतं, आणि आत फुटलेल्या अंड्याने कोंबडी दगावते. तासाभराने तिने पडदा आणि थोडं पाणी टाकलं आणि खायला उठली.

साडेदहा

मी उमेद अभियानातली पशुसखी. कालावल खाडीच्या आसपासच्या वाड्यांतल्या बायकांच्या शेळ्या-कोंबड्या बघायला जाते. यंदा आमच्या बचत गटांतल्या बऱ्याच जणींनी ग्रामप्रियाची पिल्लं घेतली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केलेली ही जात तपकिरी अंडी देते आणि गावठीच्या दुप्पट-तिप्पट देते. जास्त अंडी म्हणजे जास्त चुना लागणार, हे पिल्लं घेताना कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. ते आता येतंय.

बाहेर पडण्याआधी फोन करून कुणाच्या घरी काय आहे ते विचारून घेते. शिंकणारी, मान टाकणारी कोंबडी जिथे असेल, ते घर शेवटी.

वरच्या वाडीतली काकी पायरीवर वाट बघत होती. तिने पानावर ठेवलेलं मऊ अंडं माझ्यापुढे केलं.

"ह्या बग गे. कवटाक कवचच नाय. कोणाची नदर लागली काय?"

"नाय गे काकी. तिची पयलीच कवटां ती."

"म्हेवणो म्हणता, इकून टाक."

"पंधरा दिवस थांब. मगे सांग."

तिची कोंबडी मी हातात घेऊन बघितली. डोळे स्वच्छ, तुरा लाल, अंगात वजन, शिटी बांधलेली. आजाराचं काही नाही. मग खाणं विचारलं. सकाळी तांदळाची कणी, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी कोंड्याचा लगदा. म्हणजे दिवसभर तांदूळच. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम, आणि एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून जास्त. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, पण तो ज्या रूपात असतो तेच रूप पोटात कॅल्शियमला बांधून ठेवतं. काकीने विचारलं, नाचणी घातली तर? नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. धान्यांत ते फार चांगलं, नाचणी जरूर घालावी. पण कोंबडीने खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला रोज चार ग्रॅमच्या घरात लागतं. तेवढं नाचणीतून मिळवायचं तर किलोभर नाचणी खावी लागेल.

मोकळी फिरणारी कोंबडी मातीतून सगळं मिळवते, असं आपण धरून चालतो. काळ्या मातीच्या, चुनखडीच्या देशावर ते बरंचसं खरं असेलही. आमच्याकडे जांभा. शेकडो पावसाळ्यांनी त्यातला चुना धुऊन समुद्राला नेला आहे. ही आम्ल माती उकरून कोंबडीला किडे मिळतात, वाळवी मिळते, कवच मिळत नाही. आणि गंमत म्हणावी की दुःख, त्याच काकीच्या परड्यात केळीच्या बुंध्याशी तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग पडला होता. जेवणातल्या तिसऱ्या खाऊन कित्येक वर्षं शिंपल्या तिथेच फेकल्या जात होत्या. मी त्यातल्या दोन ओंजळी उचलून काकीच्या हातात दिल्या आणि काय करायचं ते सांगितलं.

पावणेबारा

खालच्या घरी तीन तलंगा, तिन्हींची अंडी दोन दिवस चपटी आणि एक-दोन मऊ. खाद्य चांगलं आहे, शिंपल्यांचा चुराही ठेवलेला आहे. मग विचारलं, परवा रात्री काय होतं? खेळे आले होते. शिमग्याचे दिवस, अंगणात ढोल, ताशे, फटाके, आणि खुराडं अंगणाच्या कडेलाच. घाबरलेली कोंबडी अंडं रोखून धरते. वेळ टळलेल्या अंड्यावर चुन्याचा आणखी एक पांढुरका थर चढतो, मागून आलेलं अंडं त्याला चिकटून चपटं होतं, किंवा उलट एखादं वेळेआधीच बाहेर ढकललं जातं. त्या रात्री जे झालं ते पुढचे दोन-तीन दिवस अंड्यांवर दिसत राहतं. इथे औषध काही नाही. खुराडं मागच्या पडवीला हलवायला सांगितलं आणि घरातल्या मुलांना कोंबड्यांमागे कुत्रं सोडायला मनाई केली. मुलांनी ती मनापासून ऐकली, कारण एक तलंग त्यांच्यातल्या धाकटीची होती.

साडेबारा

शेवटचं घर. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि तिथे पोचल्यावर तेच बरं झालं असं वाटलं. इथे तलंगांचीच नव्हे, दोन वर्षांच्या जुन्या कोंबड्यांची अंडीही बिघडली होती. कवचाला सुरकुत्या, तपकिरी रंग फिका, आणि फोडून बघितलं तर पांढरा पाण्यासारखा पसरणारा. दोन कोंबड्यांच्या नाकातून पाणी, एक घरघरत होती.

हे घड्याळ बसण्याचं दुखणं नव्हे. एकट्या तलंगेने एखादं मऊ अंडं घातलं तर मी वाट बघते. सगळ्या वयाच्या कोंबड्यांची अंडी एकदम बिघडली, आणि अंडी कमीही झाली, तर एक दिवसही वाट बघत नाही. सुरकुत्या आणि पाणचट पांढरा ब्राँकायटिसमध्ये दिसतो. मऊ अंडी मानमोडीतही, म्हणजे राणीखेत रोगातही, येतात. १९७६ साली नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा नोंदवलेला एग ड्रॉप सिंड्रोम नावाचा रोगही आहे. त्यात कोंबडी बाहेरून धडधाकट दिसते, आधी अंड्याचा तपकिरी रंग उडतो आणि मग कवचच येईनासं होतं. यातलं नेमकं काय, हे ठरवणं माझं काम नाही. मी आजारी कोंबड्या वेगळ्या केल्या, तिथूनच पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते संध्याकाळी येतो म्हणाले. तोवर एकही कोंबडी, एकही अंडं घराबाहेर द्यायचं नाही, एवढं घरच्या वहिनीला बजावलं. तिने विचारलं, लसी दिलेल्या असतानाही? लासोटा पहिल्या आठवड्यात आणि आर-टू-बी दोन महिन्यांच्या सुमाराला, या दोन्ही लसी मानमोडीच्या आहेत. दुसऱ्या रोगापासून त्या वाचवत नाहीत.

अशा वेळी मला बायकांची काळजी वाटते. सहा महिने सांभाळलेली पाखरं, आता कुठे अंडी दिसायला लागली, आणि हे. गटाच्या हप्त्याचा हिशोब याच अंड्यांवर धरलेला असतो.

दीड

घरी येऊन चपला बाहेरच साबणाने धुतल्या, कपडे बदलले, आंघोळ केली. मगच माझ्या खुराड्याजवळ.

दोन ते साडेतीन

ऊन कडक. फणसाखाली कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून बसल्या आहेत. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. या धापेतून अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला कार्बोनेट रक्तातूनच येतो. म्हणून चैत्र-वैशाखात शिंपल्या पुढ्यात असूनही कवच पातळ होतं, आणि त्यात कोंबड्या उन्हाने खातातही कमी. उपाय साधेच आहेत. मातीच्या भांड्यात गार पाणी, ते दुपारी दोनदा बदलायचं, सावलीत जमीन शिंपायची, आणि जड खाणं उन्हाच्या आधी किंवा नंतर. पाण्याचं महत्त्व मी प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा सांगते. अंड्याचा बराचसा भाग पाणीच असतो, आणि तापलेल्या पत्र्याच्या डब्यातलं पाणी कोंबडी पीत नाही.

चार

शिंपल्या कुटायची वेळ. आठवडाभराच्या एकदम कुटून ठेवते. तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, दोन उन्हं देऊन, तव्यावर थोड्या परतून घेते, म्हणजे त्यांना चिकटलेलं मांस जळतं, वास जातो आणि कुटायलाही सोप्या होतात. कालवांच्या शिंपा जाड असतात, त्यांना आधी हातोडीने फोडावं लागतं. मग व्हायनात घालून मुसळाने कुटायचं.

पीठ करायचं नाही. माझी सासू कुटायची तेव्हा तिचं लक्ष असायचं की तुकडे तुरीच्या डाळीएवढे राहिले पाहिजेत. कारण तिने मला सांगितलं नव्हतं, मला ते प्रशिक्षणात कळलं. कळलं तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. बारीक पूड पोटातून लवकर निघून जाते. जाड तुकडे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत अडकून राहतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळत राहतात. बोटांना खुपतील अशा टोकदार कपच्या मात्र चाळून पुन्हा मुसळाखाली घालायच्या.

काही घरांत पानाच्या डब्यातला चुना कोंबडीला चारतात. तो दाहक असतो, चोच-तोंड भाजतं. शिंपल्यांचे ढीग परड्यात असताना त्याची गरज नाही. अंड्यांची टरफलं द्यायची असतील तर तीही परतून आणि चुरून, ओळखू न येतील अशी. नाहीतर आपणच अंडं खायची सवय लावल्यासारखं होतं.

साडेपाच

दिवसातलं माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. खुराड्यात जाण्याआधी कोंबड्या पोटभर खातात, गळ्याची पिशवी टम्म भरून घेतात. त्याच वेळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवायचा. एका कोंबडीला मोठा चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास, पुरतो. खाद्यात मिसळायचा नाही. जिला गरज असते ती स्वतः येऊन खाते. आज कबरी तीनदा आली, आणि ज्यांना अजून अंडी नाहीत त्यांनी चोच लावून सोडून दिलं.

हा चुरा संध्याकाळीच ठेवायचं कारण असं की कवचाचा बराचसा भाग रात्री चढतो, कोंबडी दांड्यावर बसलेली असताना, काहीही खात नसताना. त्या वेळी पोटात चुना असेल तर तिथून येतो. नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावर येण्याच्या साधारण दोन आठवडे आधीच तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, भुसभुशीत हाड भरू लागतं. रात्री उणं पडेल तेव्हा त्यातून घ्यायचं आणि दिवसा खाऊन पुन्हा भरायचं, असा तो साठा असतो. तलंगेचा हा साठा अजून पुरता झालेला नसतो. तांदळावर ठेवलेल्या तलंगेने रोज अंडं दिलं तर त्याचा अर्थ ती रोज आपली हाडं झिजवते आहे. पुढे ती लंगडते, बसूनच राहते, आणि घरात म्हणतात, कोंबडी अशक्त निघाली. हे मला बघवत नाही. आपण तिची अंडी खातो, विकतो, मुलांना देतो, तेव्हा तिच्या हाडांचा हिशोब ठेवणं आपल्याकडे लागतं.

सात

माजघरात दिवा लागला की खुराड्याचं दार बंद. मुंगसाने मागच्या महिन्यात शेजारी दोन तलंगा नेल्या, म्हणून खालच्या फटीत जांभ्याचे चिरे बसवले आहेत. दांडे सगळे एकाच उंचीवर घेतले, त्यामुळे वरच्या जागेसाठीची ढकलाढकली कमी झाली.

आठ

फोनांची वेळ. ज्यांची अंडी आज मऊ आली त्यांच्याकडून चार गोष्टी विचारून वहीत लिहिते. कोंबडीचं वय, खाणं, किती कोंबड्यांत एकीला, आणि खाते-पिते का. शेवटच्या घरी डॉक्टर येऊन गेले. नमुना घेतला, आजारी कोंबड्यांना वेगळंच ठेवायला सांगितलं. जुन्या कोंबड्यांपैकी दोघींची नळी कायमची बिघडली असण्याची शक्यता आहे, असं त्यांनी वहिनीला समोर बसून समजावलं.

मग काकीचा फोन. शिंपल्या कुटल्या, चुरा ठेवला, कोंबडीने खाल्ला.

"उद्यां चांगला कवाट घालीत मा?"

उद्याचं मी सांगू शकत नाही. उद्याच्या अंड्याला आज रात्रीचाच चुना मिळणार, आणि तलंगेचं घड्याळ बसायला कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला महिना. मध्ये एखादं लांबट येईल, एखादं खरखरीत, एखादा दिवस खाडा पडेल. महिन्यानंतरही तीच कोंबडी मऊच घालत राहिली तर तिच्यात दुसरं काही आहे का ते बघू. मी काकीला एवढंच सांगितलं की सकाळी दार उघडण्याआधी दांड्याखाली बघ, मऊ मिळालं तर पुरून टाक, आणि म्हेवण्याला म्हणावं, कोंबडी विकायची नाही.

"बरा," म्हणाली. "आणि नाचणी?"

"ती पण घाल गे. वायच सुकाट पण घाल वांगडा."